आकडा मला सांगाल का?

पाळी संपत आली होती. दगड कापायच्या शेडमधली मोठी करवत थांबली आणि दिवसभर तिच्या आवाजाखाली दबलेले बारीक आवाज एकेक करून वर यायला लागले. कुठेतरी ठिबकणारं पाणी, हातमोजे झटकल्याचा फटका, कुणाचा तरी कोरडा खोकला. मी एका वयस्कर कारागिराच्या कॉलरवरची क्लिप सोडवत होते. ते दिवसभर हातातल्या ग्राइंडरने फरशीच्या कडा गुळगुळीत करत होते. पाठीवरून गेलेली नळी त्यांच्या शर्टावरच्या पांढुरक्या थरात सरळ रेघ ओढून गेली होती आणि कमरेच्या पट्ट्याला लावलेला, हवेचा नमुना ओढणारा पंप अजून घुमत होता. आधी वेळ लिहायची, मग फ्लो, म्हणजे पंप मिनिटाला किती हवा ओढतोय, तो तपासायचा, मग पंप बंद करून कॅसेटला, म्हणजे फिल्टरच्या डबीला, दोन्हीकडून बुचं लावायची, असा क्रम मी मनातल्या मनात म्हणत होते. त्यांनी माझ्या हातातल्या पारदर्शक कॅसेटकडे वाकून बघितलं. आतल्या पांढऱ्या फिल्टरवर मधोमध फिकट करडी छटा चढली होती. "एवढंच?" ते म्हणाले. "दिवसभरात एवढंच गेलं माझ्या आत?" मला शिकवणारे सर शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "नाही काका. हा पंप पाळीभरात साधारण एक घनमीटर हवा ओढतो. काम करणारा माणूस तेवढ्याच वेळात दहा घनमीटरच्या आसपास हवा आत घेतो. सगळी धूळ आत राहत नाही, बरीचशी श्वासाबरोबर बाहेरही येते. मास्क घट्ट बसला असेल तर पुष्कळ बाहेरच अडते." काकांचा हात हनुवटीखाली ओघळलेल्या मास्ककडे गेला. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, आकडा आला की मला सांगाल का? मागेही कोणीतरी अशीच नळी लावून गेलं होतं."

मागचा आकडा त्यांना कुणी सांगितला नव्हता.

त्या वेळी मी हे काम नुकतंच शिकायला लागले होते. कामाच्या जागी हवेत काय आहे, आवाज किती आहे, उष्णता किती आहे, हातांना आणि टेबलांना काय चिकटलं आहे, हे मोजायचं काम. शिकताना सगळा भर हात बसण्यावर असतो आणि तो असायलाच हवा. पंपाचा फ्लो कामाआधी आणि कामानंतर मोजायचा. दोन्हींत पाच टक्क्यांहून जास्त फरक पडला तर तो नमुना संशयात जातो. एक-दोन फिल्टर न वापरता तसेच सोबत न्यायचे, उघडायचे, पुन्हा बंद करायचे आणि बाकीच्यांबरोबर प्रयोगशाळेत पाठवायचे. या ब्लँकवर जर काही सापडलं तर ते शेडमधलं नाही, आपल्या हाताळण्यातलं. सायक्लोन, म्हणजे फिल्टरच्या आधी जाड धूळ वेगळी काढणारं छोटं उपकरण, एकदा लावला की उलटा करायचा नाही. त्याच्या तळाच्या भांड्यात जाड धूळ साठलेली असते आणि ती उलटून फिल्टरवर पडली की दिवसभराची मेहनत वाया. हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं, पुन्हा पुन्हा केलं, आणि मला ते मनापासून आवडायला लागलं. हातांना एखादं नेमकं काम जमायला लागलं की जो आनंद होतो तो मला त्या पंपांनी दिला. काकांच्या प्रश्नाने त्या आनंदाला कुठेतरी टोचलं. हा नमुना मी घेतला म्हणून माझा, कारखान्याने पैसे दिले म्हणून त्यांचा, की ज्यांच्या नाकासमोरची हवा होती त्यांचा, हे माझ्या वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

त्या रात्री मी कागद घेऊन हिशोब मांडला. दगडात आणि वाळूत असते त्या स्फटिकरूप सिलिकाच्या श्वसनयोग्य, म्हणजे फुप्फुसात खोलवर पोचण्याइतक्या बारीक, धुळीसाठी अमेरिकेत २०१६ च्या नियमाने ठरलेली मर्यादा आहे एका घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम (मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग), आठ तासांच्या सरासरीने. आमचा पंप मिनिटाला २.२ लिटर ओढत होता. आठ तासांत झाले १,०५६ लिटर. म्हणजे हवा बरोबर मर्यादेवर असेल तर फिल्टरवर सुमारे ५३ मायक्रोग्रॅम सिलिका जमेल. हे वजन डोळ्यांसमोर येईना, म्हणून अर्धा मिलिमीटर जाडीचा वाळूचा एक गोल कण धरून त्याचं वजन काढलं. साधारण १७० मायक्रोग्रॅम. म्हणजे बुटाच्या शिवणीत अडकतो तसल्या वाळूच्या एका कणाचा तिसरा हिस्सा, तोही भुगा होऊन, पाळीभराच्या हवेत पसरलेला. तेवढ्याने मर्यादा गाठली जाते. मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. ज्या शेडमध्ये माणसं खोऱ्याने भुकटी ओढतात, तिथे धोक्याचं माप इतकं बारीक असावं हे मनाला पटत नव्हतं, आणि हिशोब तर चुकलेला नव्हता.

डोळ्यांवर विसंबणं सोडायला मला वेळ लागला. धूळ म्हणजे दिसते ती, अशीच सगळ्यांची समजूत असते, कारागिरांची आणि मालकांचीही. जी धूळ दिसते ती बहुतेक नाकात, घशात अडकते किंवा खाली पडते. फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या हवापिशव्यांपर्यंत पोचते ती चार मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासची आणि त्याहून बारीक. असा एक मायक्रॉनचा कण स्थिर हवेत माणसाच्या उंचीवरून जमिनीवर यायला काही तास घेतो. ग्राइंडर थांबतो, हवा निवळल्यासारखी दिसते, माणसं मास्क खाली ओढतात, आणि तो कण तिथेच तरंगत असतो. सरांनी एकदा शेडचे दिवे मालवून मला हे दाखवलं. एका बाजूला प्रखर प्रकाशझोत ठेवला, त्याच्या बरोबर समोर मला उभं केलं आणि मधे फळी धरून दिव्याचा लखलखाट माझ्या डोळ्यांआड केला. एका कारागिराने दोन क्षण ग्राइंडर टेकवला. साध्या उजेडात जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे दुधी लोट उठला. तो हाताभोवती वळला, छातीवरून वर चढला, त्या माणसाच्या तोंडाशी आला आणि श्वासाबरोबर आत गेला. मला तो आत जाताना दिसला. त्याच्या बायकोला, त्याच्या मुलांना हे दाखवावं असं मला तेव्हा वाटलं, आणि लगेच दाखवू नये असंही वाटलं. त्या कारागिराने स्वतः झोताच्या जागी येऊन दुसऱ्याचं काम बघितलं. काही बोलला नाही. जाताना मास्कच्या पट्ट्या ओढून बघितल्या.

कमरेला पंप आणि कॉलरला फिल्टर ही पद्धत तशी जुनी नाही. आधी यंत्रं जड असायची, ती खोलीच्या कोपऱ्यात तिवईवर ठेवायची आणि खोलीची हवा मोजायची. ब्रिटनमधल्या हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रात शेरवुड आणि ग्रीनहाल्घ या दोघांनी माणसाच्या अंगावर घालता येईल असा बॅटरीवरचा छोटा पंप केला आणि त्याची माहिती १९६० मध्ये प्रसिद्ध केली. अंगावरच्या पंपाचे आकडे कोपऱ्यातल्या यंत्राच्या आकड्यांहून जास्त येतात हे तेव्हा दिसलं. आज ऐकताना ही साधी गोष्ट वाटते. माणूस जिथे काम करतो तिथेच धूळ निर्माण होते, तो तिच्यावर वाकलेला असतो, त्याच्याभोवती त्याचा स्वतःचा ढग असतो. नाकातोंडापासून साधारण ३० सेंटिमीटरच्या आतली हवा ती त्याची हवा. हाताएवढ्या अंतरावर दुसराच आकडा असू शकतो. तरीही अजून अनेक ठिकाणी मला सुचवलं जातं, "तिथे टेबलावर ठेवा ना, माणसांना कशाला त्रास?" सुचवणाऱ्याच्या मनात काळजीही असते, हे मी नाकारत नाही. नळी अडकते, पंप मांडीला टोचतो, उन्हाळ्यात पट्ट्याखाली घाम साचतो. पण टेबल श्वास घेत नाही.

पंप लावला की काम संपलं, असं मी सुरुवातीला धरून चालले होते. खरं काम तिथून सुरू होतं, आणि ते आहे बघत राहण्याचं. कोण केव्हा कुठे गेला, पाणी चालू होतं की बंद, दार उघडं होतं की लोटलेलं, वारा कुठून येत होता, शेजारच्याने काय केलं. हे फील्ड शीटवर लिहिलं नाही तर आलेला आकडा मुका राहतो. मोठ्या चुका इथेच लपतात, कारण आठ तासांची सरासरी फार काही झाकून टाकते. समजा दिवसभर हवा अगदी स्वच्छ आहे आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत कुणी हवेच्या पाइपने कपडे आणि यंत्र झटकतो, आणि तेवढ्या वेळात घनमीटरला दोन मिलिग्रॅम सिलिका उडते. आठ तासांत वाटली तरी ती ६२ मायक्रोग्रॅमच्या वर जाते. पंधरा मिनिटांनी पूर्ण दिवस मर्यादेबाहेर नेला. ज्याने ही पंधरा मिनिटं पाहिली नाहीत तो अहवालात महागड्या यंत्रणा सुचवेल, आणि ज्याने पाहिलं तो म्हणेल, तो पाइप काढून तिथे व्हॅक्यूम द्या. म्हणून पंप काढायला यायचं आणि मधल्या वेळी ऑफिसात बसायचं, हे मला आजही पटत नाही. चहाच्या सुट्टीत माणूस कुठे बसतो हेसुद्धा बघायला हवं.

विचारायला हवं, हे तर त्याहून आधी. इटलीच्या मोदेना शहरात बर्नार्दिनो रामाझिनी नावाचे वैद्य होते. घरातला मैल्याचा खड्डा उपसणारा माणूस इतक्या घाईने का काम करतोय, असं त्यांनी त्याला विचारलं. या जागी जास्त वेळ राहिलं तर डोळे जातात, असं त्याने सांगितलं. रामाझिनींनी ते मनावर घेतलं, कामगारांच्या जागी जाऊन बघितलं, आणि १७०० साली त्यांनी कामधंद्यांमुळे होणाऱ्या आजारांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला विचारायच्या प्रश्नांत त्यांनी एकाची भर घातली: तू काम काय करतोस? त्यानंतर दोन शतकांनी अमेरिकेत अॅलिस हॅमिल्टन शिशाच्या कारखान्यांमागे लागल्या, तेव्हाही त्यांच्याकडे आजच्यासारखे पंप नव्हते. कारखान्यात माणसं बोलायला घाबरतात हे ओळखून त्या त्यांच्या घरी गेल्या, दवाखान्यांच्या नोंदी चाळल्या, एकेका रोग्याचं नाव एकेका कामाशी जोडत गेल्या. १९१९ मध्ये हार्वर्डने त्यांना घेतलं, तिथल्या त्या पहिल्या स्त्री प्राध्यापक. मला त्यांच्याबद्दल वाचताना आकड्यांपेक्षा जिने चढणारे पाय दिसतात. आमच्या हातात आता किती उपकरणं आहेत, आणि तरी कोणत्या माणसाला पंप लावायचा हे ठरवायला अजूनही विचारण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

बाकीचे धोके शिकताना प्रत्येक वेळी आपलं एकेक इंद्रिय अपुरं पडल्याचं कळत गेलं. आवाजाच्या बाबतीत कान सवय करून घेतात. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरली तर पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. ८५ आणि ८८ मधला फरक कानाला जेमतेम जाणवतो, कानाच्या आतल्या पेशींवरचा मारा मात्र दुप्पट झालेला असतो. नाकाचं तर त्याहून वाईट. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास अगदी कमी प्रमाणातही येतो, पण हवेतलं प्रमाण १०० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या, आसपास गेलं की वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला, हवा सुधारली, असं समजून माणूस टाकीत आणखी खाली उतरतो. म्हणून बंद जागेत उतरण्याआधी वर, मधे आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी हवा तपासायची, आणि क्रम ठरलेला: आधी ऑक्सिजन, मग पेट घेणारे वायू, मग विषारी. हा क्रम शिकवताना सरांचा आवाज बदलायचा. कारण विचारायची मला हिंमत झाली नाही.

प्रयोगशाळेचा अहवाल वाचणं हा वेगळाच अभ्यास. एखाद्या ओळीत आकड्याआधी 'पेक्षा कमी'चं छोटं चिन्ह असतं. वाचणारा ते शून्य म्हणून वाचतो. त्याचा अर्थ इतकाच, की त्या पद्धतीला त्याहून खालचं दिसत नाही. मर्यादांचंही तसंच. अमेरिकी सरकारी नियमात सिलिकाला ५० आहे, तिथल्याच औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने सुचवलेली मर्यादा २५ आहे. ४० आला तर एका यादीत माणूस सुरक्षित आणि दुसऱ्या यादीत नाही. फुप्फुस तर एकच. शिवाय तोच माणूस, तेच काम, तीच जागा, आणि आजचा आकडा उद्याच्या कितीतरी पट असू शकतो. युरोपात वापरतात त्या मानकानुसार फक्त तीन नमुन्यांवर 'ठीक आहे' म्हणायचं असेल तर तिन्ही मर्यादेच्या दहाव्या हिश्श्याच्या आत यावे लागतात. एका दिवशी एका माणसावर एक पंप लावून 'मर्यादेत आहे' असा दाखला देणाऱ्यांचा मला राग येतो. तो कागद कुणाच्या तरी खोकल्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरला जातो.

कारखान्याबाहेरही हेच. हवेत २.५ मायक्रॉन आणि त्याहून बारीक धुळीची वार्षिक सरासरी पातळी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या आत असावी असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं. शहराचा आकडा यायचा तो मोजक्या केंद्रांवरून, आणि रस्ता झाडणाऱ्याच्या चेहऱ्यासमोरची हवा त्या आकड्यात नसते. तिवई आणि कॉलर यांच्यातलं अंतर तिथे शहराएवढं होतं.

काकांचा आकडा आला तेव्हा तो मर्यादेच्या वर होता. अहवाल नेहमीप्रमाणे व्यवस्थापनाकडे जाणार होता. मी सरांना म्हटलं, ज्यांच्या अंगावर पंप होते त्यांना आपण स्वतः सांगू या. सरांनी त्यासाठी व्यवस्थापनाशी बोलून वेळ मागून घेतला, आणि तो मिळवणं सोपं नव्हतं. कडेला बसलेल्या माणसांना मी प्रत्येकाचा आकडा सांगितला, त्याच्या शेजारी मर्यादा लिहिली, आणि वाळूच्या कणाचा हिशोब फळ्यावर मांडला. सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, बरा होत नाही, हे सांगताना शब्द जड झाले. बहुतेकदा तो दिसायला दहा वर्षं आणि त्याहून जास्त लागतात, आणि धूळ फार असेल तर तितकीही लागत नाहीत. हे ऐकून कुणाला भीती वाटली तर माझ्या हातात त्यांना द्यायला काय होतं? पण न सांगण्याचे परिणाम इतिहासात आहेत. वेस्ट व्हर्जिनियात १९३०-३१ मध्ये हॉक्स नेस्टचा बोगदा जवळजवळ शुद्ध सिलिकाच्या खडकातून कोरडा ड्रिल केला गेला. पाणी मारून ड्रिल केलं की धूळ बसते हे तेव्हाही माहीत होतं. शेकडो माणसं गेली, त्यांतले बहुसंख्य पोटासाठी दुरून आलेले कृष्णवर्णीय मजूर. आणि हे फक्त तेव्हाचं नाही. स्वयंपाकघरांच्या ओट्यांसाठी बनवलेल्या कृत्रिम दगडात सिलिका बऱ्याचदा नव्वद टक्क्यांच्या वर असते. तो कापणारी तरुण मुलं इतकी आजारी पडली की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदी घातली. मोजमाप करणारे नव्हते म्हणून हे झालं असं नाही. आकडे कुठेतरी होते, श्वास घेणाऱ्यापर्यंत पोचले नाहीत.

काकांनी आपला आकडा एका कागदाच्या तुकड्यावर लिहून मागितला. तो घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "ग्राइंडरला पाणी जोडलं तर किती होईल?" मी म्हटलं, मोजल्याशिवाय सांगता येणार नाही, पण नक्की उतरेल. पाणी जोडायला पुढे बरीच पत्रापत्री लागली.

आता मी नव्या जागी गेले की बॅग उघडायच्या आधी माणसांशी बोलते. फील्ड शीटच्या छापील रकान्यांखाली मी एक ओळ हाताने आखून घेतली आहे, कामगाराने काय सांगितलं त्यासाठी. तिथे उतरलेल्या गोष्टी मला यंत्रांनी कधी सांगितल्या नसत्या. एका रंगकामाच्या ठिकाणी आम्ही सॉल्व्हंटच्या, म्हणजे रंग पातळ करणाऱ्या द्रवाच्या, वाफा मोजायला गेलो होतो. वाफ शोषून घेणाऱ्या कोळशाच्या बारीक नळ्या तयार होत्या. पुढच्या भागात शंभर मिलिग्रॅम कोळसा, मागच्यात पन्नास. मागच्या भागात पुढच्याच्या दहा टक्क्यांहून जास्त सापडलं तर वाफ पुढचा भाग ओलांडून गेली असं समजायचं. दिवसपाळीची माणसं नीट तयार होती, पंखे फिरत होते, हवा बऱ्यापैकी होती. रंग कालवणाऱ्या मुलाला मी विचारलं, "तुम्हाला डोकं जड कधी होतं?" तो म्हणाला, "दिवसा नाही होत, ताई. रात्रपाळीला या. तेव्हा बाहेर फेकणारा पंखा बंद असतो, शेजारची वस्ती आवाजाची तक्रार करते म्हणून." मी ते वाक्य त्याच्या शब्दांत लिहून घेतलं आणि शीट सरांकडे दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. दिवसासाठी आणलेल्या नळ्यांतल्या निम्म्या पुन्हा बॅगेत गेल्या, आणि सर फाटकाकडे गेले, रात्री आत येण्याची परवानगी कोण देतं ते विचारायला.